बारा साखळ्या, चार आणे

माणसाचं वय वाढलं की केस कमी होतात, दात कमी होतात, पण तरुणपणी मारलेला होमरन मात्र दर वर्षी वाढतच जातो. आमच्या रहिमतपूरच्या बेसबॉल टीममधले सगळे आता पन्नाशी-साठीतले. चहाला बसलं की एकेकाचा बॉल बैठकीला दोन-दोन फूट पुढं सरकतो. असे किस्से माझ्याकडं ढीगभर साठलेत, कारण मी या टीमचा स्कोअरर. बॅट मी कधी हातात धरली नाही. बेसबॉलचा बॉल दगडासारखा कडक असतो आणि मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं तुम्हाला आश्चर्य वाटायला नको.

रहिमतपुरात बेसबॉल कुठून आला म्हणाल, तर ती अत्तार सरांची करामत. सर शाळेत पी.टी. शिकवायचे. क्रिकेटच्या टीमा गल्लोगल्ली, बेसबॉलच्या जिल्ह्यात आम्हाला धरून दोन. एक मॅच जिंकली तर जिल्ह्यात पहिले, हरली तरी दुसरे, असा सरांचा सरळ विचार. कुठल्याशा शिबिरातून ते दोन बॅटी, तीन बॉल आणि सात ग्लोव्हज घेऊन आले. शाळा सुटली, नोकऱ्या लागल्या, पोटं सुटली, तरी रविवारी सकाळी आमची टीम ग्राउंडवर असतेच.

ग्राउंडला कुंपण नाही. पलीकडं आमच्याच टीममधल्या संपतचा ऊस. बॉल उडत उसात गेला की होमरन, एवढाच नियम. भांडण व्हायचं ते किती लांब गेला यावर. मी सरकारी मोजणीदार, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्याकडं जुनी लोखंडी साखळी होती. साखळी म्हणजे तेहतीस फूट, आणि तिचे भाग सोळा. एकेका भागाला आणा म्हणायचं. आमच्याकडच्या शेतकऱ्याला फूट-मीटर सांगा, तो शंभर शंका काढेल. साखळी-आणे म्हणा, मान डोलावतो.

साखळीनं मोजलेला सगळ्यात मोठा होमरन संपतचा. ऊस तुटून गेलेला होता त्या वर्षी. बॉल त्याच्या अख्ख्या रानावरून गेला आणि बांधावरच्या हद्दीच्या दगडाला जाऊन लागला. बांधाच्या अलीकडं संपतचं रान, पलीकडं दत्ताचं. दत्ता आमचा लेफ्ट फील्डर. तोच पळत गेला, त्यानंच दगडाशी साखळी धरली. बारा साखळ्या, चार आणे. फुटात चारशेच्या वर. मी वहीत लिहिलं, खाली मी, सर आणि दत्ता अशा तिघांनी सह्या केल्या.

दत्ता पाच वर्षांमागं हार्ट अटॅकनं गेला. मुलगा मिलिटरीत, शेती बघतात ती शालनवैनी, दत्ताची बायको. दोन वर्षांपूर्वी वैनी माझ्या दारात आल्या होत्या. चहा नको म्हणाल्या. बांधावरचा दगड आपल्या बाजूला सरकल्यागत वाटतोय, तुम्ही एकदा बघता का, असं त्यांनी विचारलं. मी बघायला सुद्धा गेलो नाही. "भास असेल वैनी," म्हणालो. बांधाच्या दुसऱ्या बाजूला संपत, माझा चाळीस वर्षांचा दोस्त. आणि बांधापायी सख्ख्या भावांनी एकमेकांवर कोयते उगारलेले मी नोकरीत बघितलेत. वैनी बरं म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवसापासून त्या रस्त्यात दिसल्या की मी चप्पल तुटल्यासारखा खाली वाकायचो.

आणि गेल्या आठवड्यात सांगलीच्या बर्व्यांचा फोन आला. बर्वे म्हणजे आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या तिथल्या टीमचे कॅप्टन, औषधाचं दुकान आहे, आणि स्वभाव असा की गोळ्यांची पट्टी सुद्धा दोनदा मोजून देतात. अत्तार सरांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ग्राउंडवर संपतच्या होमरनचा बोर्ड लावायचं आमचं ठरलं होतं. ते बर्व्यांना कळलं. त्यांनी फोनवरच्या नकाशात होम प्लेटपासून, म्हणजे बॅट घेऊन उभं राहतात तिथून, बांधापर्यंत बोट फिरवलं आणि सांगितलं, तुमचा आकडा जुळत नाही. बोर्ड लावायच्या आधी रविवारी सगळ्यांसमोर मोजू.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच एकटा साखळी घेऊन गेलो. बारा साखळ्या, नऊ आणे. परत मोजलं. नऊच. पाच आणे म्हणजे दहा फुटांच्या वर. होम प्लेट सिमेंटमध्ये बसवलेली, ती हलत नाही. जुनी साखळी ताणली जाते, पण ताणलेल्या साखळीनं आकडा कमी येतो, वाढत नाही. म्हणजे चालला होता तो दगड. वैनींच्या रानात दहा फूट चालला होता, आणि त्या विचारायला आल्या तेव्हा मी भास म्हणालो होतो.

रविवारपर्यंत मला जेवण गेलं नाही. मोजलं की संपत चोर ठरणार, नाहीतर मी खोटा. बायको म्हणाली डॉक्टरला दाखवा. मला डॉक्टर नको होता. भीती वाटली की मी जुने घाबरल्याचे प्रसंग आठवत बसतो, तसा आठवत बसलो.

* * *

दत्ता जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या भागात बिबट्या आला होता. कुणाची शेळी गेली, कुणाचं कुत्रं गेलं. आणि त्याच आठवड्यात सुभेदारनं बॉल उसात घातला.

सुभेदार आमचा कॅचर. फौजेतून रिटायर होऊन आला, खरं नाव आता त्याच्या बायकोला पण आठवत नसेल. तो म्हणाला, कमीत कमी अकरा साखळ्या. संपत म्हणाला नऊ. मोजायचं तर साखळीचं दुसरं टोक धरून उसात कुणीतरी शिरायला पाहिजे. ऊस पुरुषभर उंच. सगळे सुभेदारकडं बघायला लागले. सुभेदार बुटाची लेस बांधायला बसला.

दत्तानं टोक उचललं आणि तो शिरला. साखळी सरसर आत जाऊ लागली. आठ झाल्या. साखळी थांबली. मग एकदम एक हिसका बसला, दुसरा बसला, आणि साखळी सैल पडली.

मी दत्ता म्हणून हाक मारली. उत्तर नाही. सरांनी मारली. उत्तर नाही. उसातून काहीतरी करकर चावल्याचा आवाज यायला लागला.

पळालो की राव आम्ही! सगळ्यात पुढं सुभेदार, त्याच्या मागं संपत, सर धोतर नसून धोतर सावरल्यासारखे, आणि मी साखळी हातात तशीच धरून. साखळी ताणली गेली तिथं मी थांबलो, तेव्हा तिला मागून परत ओढ लागली. मी ती सोडायची सुद्धा विसरलो.

उसातून दत्ता बाहेर आला. साखळी बुडख्यात अडकली होती म्हणून हिसके दिले, आणि उत्तर दिलं नाही कारण तोंडात कांडं होतं.

"संपा, बिबट्या न्हाई आत," तो म्हणाला, "पन ऊस लय ग्वाड झालाय."

* * *

साताऱ्यात जाऊन होमरनचं अंतर कधी ठरवू नये. तिथं दर तिसरा माणूस माजी सैनिक, आणि माजी सैनिकाला टेप लागत नाही, तो पावलानं मोजतो.

आमच्या एका मॅचला संपतनं बॉल ग्राउंडबाहेर घातला. साखळी मी घरी विसरलो होतो. बघायला बसलेले तीन रिटायर्ड जवान उठले. एकानं छाती काढून पावलं टाकली, एकशे अठ्ठेचाळीस. दुसऱ्यानं टाकली, एकशे पासष्ट. तिसरा मागून आला, तो एकशे ऐंशी म्हणाला. तिघंही म्हणे तीस इंचांचंच पाऊल टाकतात. बघता बघता आवाज चढला. कुणाच्या पलटणीत काय शिकवतात, इथपर्यंत गोष्ट गेली. आमचा सुभेदार मध्ये पडायला गेला आणि चौथा आकडा देऊन आला.

मी वही घेऊन मध्ये उभा. पहिला म्हणे लिही, दुसरा म्हणे खबरदार. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, तिसरे गृहस्थ ड्युटीवर जाता जाता मॅच बघायला थांबले होते. ते सिक्युरिटीत होते आणि त्यांच्या खांद्यावर बारा बोअरची बंदूक होती. ते काहीच ओरडत नव्हते, नुसते माझ्या पेनाकडं बघत होते.

वहीत एकशे ऐंशी पावलं आहे. सरांनी विचारलं, हाच आकडा का? मी म्हणालो, सर, पाऊल सगळ्यांचं सारखंच होतं.

* * *

सांगलीचं ग्राउंड कृष्णेकाठी. बर्व्यांनी तिथं एक बॉल असा मारला की तो नदीकडं उडाला आणि काठावरच्या झाडीआड गेला. आमचं म्हणणं, काठावर पडला. बर्व्यांचं म्हणणं, नदी ओलांडली. बॉल कुणालाच दिसला नव्हता, त्यामुळं दोन्ही बाजू ठाम.

मी साखळी टाकत काठापर्यंत गेलो. दहा झाल्या. अकरावी धरायला संपत पाण्याकडं उतरला आणि दोन पावलांवर थांबला. खाली वाळूवर एक ओंडका पडला होता. त्या ओंडक्यानं डोळा उघडला.

सांगलीकरांना मगरीचं काही वाटत नाही, असं मला त्या दिवशी कळलं. बर्वे वरून शांतपणे सूचना देत होते. ती दुपारची ऊन खात पडते, काही करत नाही, तुम्ही तिच्या उजव्या अंगानं साखळी घाला. मी म्हणालो, बर्वेसाहेब, तुम्ही घाला. तर म्हणाले, माझं माप मीच मोजलं तर त्याला कोण किंमत देणार? बोलण्यात तो माणूस कधी सापडला नाही.

संपतनं अकरावी साखळी लांबूनच भिरकावली. ती मगरीच्या तोंडापासून हातभर लांब पडली. मगरीनं तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. आता ती साखळी आणायची कुणी, यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी मगर कंटाळून पाण्यात गेली, तेव्हा सुभेदारनं लांब बांबूला आकडा बांधून साखळी ओढून घेतली आणि दिवसभर ती मोहीम असल्यासारखा वागला.

बर्व्यांचा होमरन माझ्या वहीत असा आहे: अकरा साखळ्या, पुढे मगर.

* * *

उंब्रजला ग्राउंड हायवेला लागून. संपतचा बॉल हायवे ओलांडून पलीकडच्या ढाब्यापाशी पडला. मोजायचं तर साखळी रस्त्यावरून न्यायला पाहिजे. मी म्हणालो, अंदाजे लिहू. जीव महत्त्वाचा. पण सुभेदारच्या अंगात फौज संचारली. तो लाल टी-शर्ट काढून, बनियनवर, तो टी-शर्ट हलवत रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

गाड्या थांबल्या. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला ट्रॅव्हल्स. मी साखळी ओढत रस्ता ओलांडतोय, आणि हॉर्नचा आवाज असा की कानात दडे बसले. मला वाटलं आता एक तरी ड्रायव्हर खाली उतरून कानाखाली वाजवणार. उतरले. चांगले सात-आठ जण उतरले. पण मारायला नाही. साखळी, खुंट्या, वही बघून त्यांनी आपलं आपणच ठरवलं, आणि एकानं हळूच विचारलं, साहेब, रस्ता अजून रुंद होणार का?

मी मान हलवली. ती हो अशी हलली का नाही अशी, मला सांगता येणार नाही.

ढाब्याचा मालक पळत आला. हात जोडले, आम्हा चौघांना लस्सी पाजली. मी काही बोलत नाही म्हणून तो जास्तच घाबरला. मी त्याला घाबरून बोलत नव्हतो, तो मला घाबरून बोलत सुटला होता. पत्र्याचं शेड थोडंसं पुढं आलंय साहेब, हे त्यानं स्वतःच सांगितलं. मी फक्त बॉल उचलला, आकडा लिहिला, साखळी गुंडाळली.

तीन आठवड्यांनी आम्ही परत उंब्रजवरून गेलो. शेड चार फूट मागं गेलं होतं. सुभेदारला लय आनंद झाला. मला मात्र त्या माणसाचे जोडलेले हात आठवत राहिले. माझ्या हातात साखळी बघून लोक खरं बोलतात, आणि मी स्वतः, हातात साखळी असून, शालनवैनींना भास असेल म्हणून सांगितलं होतं.

* * *

आणि मग गेला रविवार.

संपतचा ऊस आठवड्यापूर्वीच तुटून गेला होता, पाचट पेटवलेलं, रान काळं. अत्तार सर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गळ्यात हार. बर्वे सांगलीहून लेझरचं यंत्र घेऊन आले होते. उन्हात त्याचा ठिपकाच दिसेना, तेव्हा त्यांनी ते पिशवीत घातलं आणि म्हणाले, काढा तुमची साखळी. बोर्डाचे खांब रोवायला संपतनं घरून पहार आणली होती. ती पहार खांद्यावर टाकून तो माझ्याबरोबर चालायला लागला.

एक शब्द बोलला नाही. एरवी या होमरनचं नाव काढलं की संपतला थांबवायला लागतं. मी खुंट्या रोवत होतो, त्या सरळ जात नव्हत्या. पाच झाल्या, सहा झाल्या. बांध जवळ यायला लागला तसं मला दिसलं, बांधापलीकडं शालनवैनी भांगलत होत्या. आम्हाला बघून त्या उभ्या राहिल्या. खुरपं हातात तसंच.

मला वाटलं खाली बसावं. छातीत दुखतंय म्हणावं. वय माझं असं आहे की कुणीही विश्वास ठेवला असता.

बारा झाल्या. तेरावी साखळी लावली आणि बर्वे स्वतः वाकले. कड्या मोजल्या. चष्मा पुसून परत मोजल्या.

"बारा साखळ्या, नऊ आणे," ते म्हणाले.

होम प्लेटपासून सुभेदारनं ओरडून आकडा विचारला, कुणीतरी ओरडून सांगितला, आणि तिकडं टाळ्याच सुरू झाल्या. पाच आणे वाढला होमरन! सरांनी खुर्चीतून दोन्ही हात वर केले. सगळे रानातून आमच्याकडं पळत यायला लागले. बर्वे मला म्हणाले, तुमचं जुनं माप चुकलं होतं, पण चूक तुमच्या फायद्याचीच निघाली, अभिनंदन. मी संपतकडं बघितलं नाही. बघवेना.

टाळ्या थांबल्या तेव्हा वैनी बांधापाशी आल्या होत्या. त्यांनी बर्व्यांना विचारलं नाही, संपतला विचारलं नाही. मलाच विचारलं.

"भावजी, तवा किती भरलं हुतं?"

मी वही काढली. वही नुसती काढायची म्हणून काढली, आकडा काय मला पाठच होता. माझ्या मागं संपत होता आणि त्याच्या हातात पहार होती. मला कोयते आठवले. मला माझी बायको आठवली, ती सकाळी म्हणाली होती लवकर या.

"चार, वैनी," मी म्हणालो. "चार आणे. दत्तानंच साखळी धरली होती, इथं दगडाशी. तुम्ही दोन वर्षांमागं आला होता तेव्हाच मी हे बघायला पाहिजे होतं. मी भ्यालो."

होमरन पाच आणे वाढल्याचा अर्थ एकेकाच्या डोक्यात शिरत गेला, तो मला त्यांच्या तोंडांवर दिसत होता. सुभेदारनं मान खाली घातली. बर्वे हद्दीच्या दगडाकडं बघत होते. संपतनं पहार खांद्यावरून काढून दोन्ही हातांत धरली आणि मी, लाज सोडून सांगतो, बर्व्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

संपत माझ्यासमोरून पुढं गेला. पहारीचं टोक त्यानं दगडाच्या बुडाशी घातलं आणि रेटलं. एकदा, दोनदा. दगड हलला. तिसऱ्या रेट्याला तो आडवा पडला, खालून ओली माती आणि गांडुळं वर आली. सुभेदार हात लावायला गेला, तर संपतनं त्याला कोपरानं बाजूला केलं. साठीतला माणूस. एकट्यानं दगड लोटत लोटत अलीकडं, स्वतःच्या रानात आणला. घाम असा निथळत होता की शर्ट पाठीला चिकटला.

"वसंता," तो मला म्हणाला, "चार आन्यावर धर."

मी पुढं झालो. साखळीवरची चौथी कडी धरली. माझा अंगठा जिथं होता तिथं त्यानं खड्डा घेतला, दगड उभा केला, पायानं माती दाबली. दगड त्याच्या वडिलांनी सरकवला होता का त्यानं, का कुणा ट्रॅक्टरवाल्यानं, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. पहारीवर हात टेकून तो धापा टाकत उभा राहिला.

"माझा होमरन बारा-चारच हाय," तो म्हणाला. "वाढवून नगं मला."

अत्तार सर तोपर्यंत सुभेदारच्या मुलाच्या मोटरसायकलवर बसून बांधापर्यंत आले होते. शेवटी बर्व्यांनीच घसा साफ केला. बोर्ड रंगवणारा थांबलाय, आता आकडा एकदाचा नक्की करू, असं म्हणाले. बारा साखळ्या चार आणे लिहायचं, बरोबर?

"न्हाई," शालनवैनी म्हणाल्या.

मला वाटलं, आता निघणार. दोन वर्षांचं सगळं आता निघणार.

वैनी बांध ओलांडून अलीकडं आल्या. नव्या जागी बसवलेल्या दगडाला त्यांनी खुरप्याच्या मुठीनं ठोकून बघितलं. पक्का बसला होता. मग त्या बर्व्यांकडं वळल्या.

"आमचे हे कायम सांगायचे," त्या म्हणाल्या. "बॉल दगडाला लागलाच न्हवता. दगड वलांडून आमच्या रानात पडला हुता. चांगला पाच आने आत."

संपतनं वर बघितलं.

बर्वे माझ्याकडं वळले. त्यांच्या हातात पेन होतं. तुम्ही होता ना हो तिथं, त्यांनी विचारलं, बॉल कुठं होता?

मी होतो. बॉल दगडाच्या अलीकडच्या अंगाला टेकून पडला होता. दत्तानं तो माझ्यासमोर उचलला होता आणि पँटीला पुसून माझ्या हातात दिला होता.

"वैनी म्हणतात तिथंच," मी म्हणालो.

मी बर्व्यांच्या हातातलं पेन घेतलं, वहीतला चार खोडला आणि नऊ लिहिला. वैनींनी वही माझ्याकडून मागून घेतली आणि दत्ताच्या सहीच्या शेजारी आपली सही केली.